विश्लेषण : आवाजाचा त्रास ‘तुम्हालाच’ कसा होतो? घरातले उपाय कुठे संपतात आणि कायदा कुठे सुरू होतो?

‘खिडकी लावून घ्या’, ‘कानात कापूस घाला’, ‘वर्षातून एकदाच तर असतं’, ‘अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुम्हालाच कसा त्रास होतो?’ घराशेजारच्या गोंगाटाबद्दल तोंड उघडणाऱ्याला यापैकी एखादे उत्तर हमखास मिळते. चारही उत्तरांचा अर्थ एकच निघतो. आवाज करणाऱ्याने आहे तसेच चालू ठेवायचे आणि ऐकणाऱ्याने आपल्या कानांची सोय पाहायची. समोरच्या हॉलमधला डीजे, वरच्या मजल्यावरचे ड्रिल मशीन, पहाटेचा ध्वनिक्षेपक, सायलेन्सर बदललेली बुलेट, रात्री उतरवली जाणारी सळई, यांतले काही ना काही राज्यातल्या बहुतेक शहरी घरांच्या वाट्याला येते. काहींना ते चालून जाते. काहींची झोप उडते, डोके दुखते, चिडचिड होते आणि वर ‘नाजूक प्रकृती’ हा शिक्का बसतो. हा त्रास नेमका कशामुळे होतो, घरात काय करता येते आणि नियम कुणाच्या बाजूने आहेत?

डेसिबलचे गणित काय आहे?

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी किलो किंवा सेंटिमीटरसारखी सरळ वाढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहा पट वाढ, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो. अवघ्या ३ डेसिबलने ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ‘मर्यादा ५५ ची आहे, इथे ६५ भरले, दहाचाच तर फरक’ हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. मोकळ्या मैदानात एका जागेवरून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने घटतो. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत मात्र तो भिंतींवर आपटत राहतो आणि तेवढा घटत नाही. चाळीच्या चौकात किंवा इमारतींच्या मधल्या डक्टमध्ये एका घरातला टीव्ही चार घरांना ऐकू येतो, तो यामुळेच.

नियमांत वापरले जाणारे एकक ‘डेसिबल-ए’ आहे. माणसाच्या कानाला मधल्या आणि उंच पट्टीतले आवाज जास्त ऐकू येतात, खर्जातले कमी. म्हणून मोजतानाही खर्जाचे वजन कमी धरले जाते. डीजेच्या भिंतीतून निघणारा दणका छातीत जाणवतो, खिडकीची तावदाने थरथरतात, तरी मीटरवरचा आकडा त्या मानाने लहान दिसतो, याचे हे एक कारण. दुसरे कारण सरासरीचे. कायद्यातली मर्यादा ही ठरावीक काळातल्या सरासरी पातळीची आहे. रात्री दोन वाजता तीनदा वाजलेला हॉर्न या सरासरीत विरघळून जातो, झोप मात्र तीनदा मोडते. थोडक्यात, मीटरचा आकडा आणि माणसाचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा कमी आला म्हणून तक्रार करणारा खोटा ठरत नाही.

काहींनाच जास्त त्रास का होतो?

आवाजाबद्दलची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी असते आणि ती बऱ्यापैकी कायम राहते. ज्यांना आवाजाचा त्रास जास्त होतो त्यांचे कान इतरांपेक्षा तीक्ष्ण असतात, असेही नाही. फरक असतो तो मेंदू त्या आवाजाकडे दुर्लक्ष करू शकतो की नाही, यात. भिंतीपलीकडचा मिक्सर एकाच्या मेंदूला नोंद घेण्याजोगा वाटत नाही, दुसऱ्याचा मेंदू तो थांबेपर्यंत त्याच्याच मागे राहतो.

याखेरीज काही वैद्यकीय कारणे असतात. रोजचे साधे आवाज, म्हणजे भांड्यांचा खणखणाट किंवा दार आपटणे, असह्य किंवा वेदनादायक वाटू लागले तर त्याला हायपरॅक्युसिस म्हणतात. चावण्याचा, पेन टकटक करण्याचा असे विशिष्ट आवाज ऐकून अनावर राग येत असेल तर त्याला मिसोफोनिया म्हणतात. हा शब्द मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी २००१ मध्ये रूढ केला. कानात सतत शिटी किंवा गुणगुण ऐकू येणे, म्हणजे टिनिटस, अनेकदा याच्या जोडीने असते. अर्धशिशी, डोक्याला झालेली दुखापत, स्वमग्नता, चिंतेचा विकार आणि निव्वळ अपुरी झोप यांमुळेही आवाज सोसण्याची ताकद घटते. अपुऱ्या झोपेचे चक्र विशेष त्रासदायक असते. आवाजाने झोप मोडते, झोप न झाल्याने दुसऱ्या दिवशी तोच आवाज अधिक बोचतो.

त्रास अचानक सुरू झाला असेल, एकाच कानात असेल, सोबत चक्कर, वेदना किंवा कमी ऐकू येणे असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घेणे गरजेचे. हायपरॅक्युसिस आणि टिनिटसवर ध्वनी-उपचार, समुपदेशन आणि वर्तनोपचार पद्धती उपलब्ध आहेत. ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही.

‘सवय होते’ हे कितपत खरे?

अर्धेच खरे आहे. रेल्वे रुळांलगत राहणारा माणूस काही दिवसांनी गाडीच्या आवाजाने दचकून उठत नाही, हे बरोबर. पण जाग येणे थांबले तरी शरीराची प्रतिक्रिया पूर्ण थांबत नाही. झोपेतही कान उघडेच असतात. आवाज झाला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब क्षणभर वाढतो, झोप खोल टप्प्यातून वरच्या टप्प्यात येते. माणसाला सकाळी काही आठवत नाही, फक्त थकवा राहतो. वर्षानुवर्षे रहदारीच्या आवाजात राहणे आणि हृदयविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत विचारात घेतला आहे. रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज रात्री ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस त्यात आहे.

मुलांच्या बाबतीत एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इमारतीलगत उंचावरून रेल्वेमार्ग जात होता. मानसशास्त्रज्ञ अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. पुढे रुळांवर आवाज कमी करणारे उपाय झाले, वर्गांत ध्वनिशोषक छत बसले आणि हा फरक उरला नाही. या मुलांना रोजच्या गाड्यांची सवय झालीच असणार. तरीही त्यांची प्रगती अडली. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नसराई एकाच सुमारास येणाऱ्या राज्यात हे लक्षात ठेवायला हवे.

आवाज बोचतो की हतबलता?

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग इथे महत्त्वाचे ठरतात. त्यांनी काही जणांना मोठ्या, अनियमित आवाजात काम करायला लावले. त्यातल्या काहींना एक बटण दिले. सहन झाले नाही तर ते दाबा, आवाज बंद होईल, शक्यतो दाबू नका, असे सांगितले. ज्यांच्याकडे बटण होते त्यांनी ते न दाबताही नंतरच्या कामात इतरांपेक्षा चांगली कामगिरी केली. आवाज दोघांनी तेवढाच ऐकला होता. आवाज थांबवणे आपल्या हातात आहे, ही जाणीव एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. आवाज कधी येणार हे ठाऊक असले तरी त्रास कमी होतो, असेही या प्रयोगांत दिसले.

रोजच्या अनुभवाशी हे जुळते. आपल्याच घरातल्या मिक्सरचा, कुकरच्या शिटीचा त्रास होत नाही. तितकाच आवाज वरच्या घरातून, न सांगता, कधी थांबेल हे माहीत नसताना आला की डोके फिरते. ‘उद्या सकाळी अकरा ते एक फरशी फोडायची आहे’ असा निरोप आदल्या दिवशी आला तर त्याच ड्रिलचा त्रास निम्म्याने कमी वाटतो. घरातल्या गोंगाटाचा प्रश्न सोडवायचा तर हे बटण रहिवाशाच्या हाती कसे द्यायचे, हाच मुद्दा कळीचा आहे. घरातले उपाय, शेजाऱ्यांशी बोलणे आणि कायदा या तिन्हींकडे याच नजरेने पाहायला हवे.

घरात काय करता येते?

आधी आवाज कुठून येतो ते ओळखावे. हवेतून येणारा आवाज फटींतून शिरतो. इमारतीच्या सांगाड्यातून येणारा आवाज, म्हणजे वरची पावले, ओढलेली खुर्ची, ड्रिल, पाण्याचा पंप, हा स्लॅब आणि भिंतींतून प्रवास करतो. पहिल्यावर आपल्या घरात उपाय होतो. दुसऱ्यावर तो जिथे निर्माण होतो तिथेच करावा लागतो.

खिडकी हा सर्वांत कच्चा दुवा. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या रुळांत आणि कडांना फटी असतात आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतो. त्यामुळे महागडी काच बसवण्याआधी रबरी किंवा ब्रशच्या पट्ट्या लावून फटी बुजवणे, दाराखालची फट बंद करणे, एसीच्या पाइपचे भोक नीट भरणे हा स्वस्त आणि उपयोगी उपाय. खर्च शक्य असेल तर बिजागरीवर उघडणारी, घट्ट बसणारी खिडकी आणि मध्ये पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. जुन्या खिडकीच्या आत काही इंच अंतर सोडून दुसरी खिडकी बसवणे त्याहून परिणामकारक ठरते.

पडदे, गालिचे आणि भिंतीला चिकटवायचा अंड्याच्या ट्रेसारखा फोम यांबद्दल मोठा गैरसमज आहे. या वस्तू खोलीतला घुमणारा आवाज शोषतात, बाहेरचा अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागते. कपड्यांनी किंवा पुस्तकांनी भरलेले कपाट शेजाऱ्याच्या भिंतीला लावून ठेवले तर त्याचा थोडा उपयोग होतो. झोपायची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला घेणे किंवा पलंगाचे डोके सामाईक भिंतीपासून दूर करणे यांना तर पैसेही लागत नाहीत.

खर्जापुढे मात्र घर हरते. डीजेच्या ५० हर्ट्झच्या ठोक्याची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. एवढ्या लांब लहरीला पडदा किंवा पातळ काच अडथळा ठरत नाही. सहा इंची भिंतसुद्धा तिला पुरेशी अडवत नाही. या आवाजाला घरात उत्तर नाही.

फोमचे इअरप्लग नीट बसवले तर आवाज बराच घटवतात. ते बोटांनी पिळून बारीक करावेत, कान मागून किंचित वर ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. नुसते टेकवलेले प्लग किंवा कापूस फारसा उपयोगी नाही. आवाज रद्द करणारे हेडफोन पंखा, विमान, एसी अशा एकसुरी घरघरीवर चांगले चालतात, बोलणे किंवा अचानक आलेला हॉर्न यांवर कमी. पंख्याचा संथ आवाज रात्री बारीकसारीक आवाज झाकतो. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला हेडफोनमध्ये गाणी मोठ्याने लावणे मात्र कानांसाठी धोक्याचे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असे मानले, तर त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. आणखी एक सावधगिरी म्हणजे, दिवसभर शांत घरातही कान बंद ठेवण्याची सवय लागली तर संवेदनशीलता वाढू शकते. प्लग झोपेसाठी आणि खऱ्या गोंगाटासाठीच वापरावेत.

शेजाऱ्यांशी कसे बोलावे?

सगळेच आवाज तक्रारीचे नसतात. तान्ह्या बाळाचे रडणे, संध्याकाळी अंगणात खेळणारी मुले, सकाळच्या कुकरच्या शिट्ट्या हा माणसे एकत्र राहण्याचा आवाज आहे. तो संवेदनशील माणसालाही थोडाफार सोसावा लागतो. त्यात कायदा आणायचा नसतो. पण खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, वॉशिंग मशिनखाली रबरी पॅड ठेवा, रात्री दहानंतर ती लावू नका, हे मागणे गैर नाही.

बोलायचे ते आवाज चालू असताना, रागात नको. दुसऱ्या दिवशी, नेमकी वेळ आणि नेमका आवाज सांगून बोलावे. ‘तुम्ही सारखा धिंगाणा करता’ म्हटले की भांडण होते, ‘काल पावणेबारा ते साडेबारा स्पीकरचा ठोका आमच्या बेडरूममध्ये येत होता’ म्हटले की निदान उत्तर द्यावे लागते. घरात आजारी, वृद्ध, परीक्षेला बसलेले मूल किंवा रात्रपाळी करणारे कुणी असेल तर तेही सांगावे. रात्रपाळीची परिचारिका किंवा बसचालक दिवसा झोपतो, हे शेजाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इतर सदस्यांना उपद्रव होईल असे काही सदनिकेत करू नये, ही तरतूद आहे. घराच्या दुरुस्तीची आणि तोडफोडीची वेळ सर्वसाधारण सभेत ठरवता येते. अनेक संस्थांनी दुपारची विश्रांतीची वेळ आणि रविवार यातून वगळला आहे. कंत्राटदाराच्या परवानगीपत्रातच ही वेळ लिहिली आणि आदल्या दिवशी लिफ्टजवळ सूचना लावली, तर रोजची निम्मी भांडणे टळतात.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम लागू केले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. बंदिस्त सभागृहातील आतल्या वापरासारखे अपवाद आहेत. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. ही सवलत वेळेची असते, डेसिबलची नसते. खासगी जागेतली ध्वनियंत्रणा असेल तर तिच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. रात्री निवासी भागात आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके फोडणे आणि मोठा आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवणे यांसही नियमांनी बंदी आहे.

यातला ४५ हा आकडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. शांत झोपेसाठी झोपायच्या खोलीत ३० डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये म्हटले होते. खिडकी अर्धवट उघडी असेल तर बाहेरचा आवाज आत येताना साधारण १५ डेसिबलने घटतो, असेही त्यात धरलेले आहे. ३० अधिक १५ म्हणजे ४५. भारतातल्या निवासी भागाची रात्रीची मर्यादाही तेवढीच आहे. खिडकी उघडी ठेवून झोपता यावे, एवढी शांतता हा आकडा राखून ठेवतो. मग ‘खिडकी लावून घ्या’ हा सल्ला म्हणजे नियम मोडणाऱ्याला दिलेली सूट ठरते. मे महिन्याच्या उकाड्यात ती सूट कुणाच्या जीवावर दिली जाते, हेही पाहावे. एसी असलेला खिडकी लावू शकतो. चाळीतल्या, वस्तीतल्या, पत्र्याखालच्या घराला ती सोय नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात गोंगाटापासून मुक्त जगणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार नव्हे, हा त्यातला गाभा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये राज्य सरकार, पोलीस आणि पालिकांना सविस्तर आदेश दिले. तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचा मुद्दाही त्यात होता. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. तक्रारदाराचे नाव न उघड करता कारवाई करावी, आधी समज, मग दंड आणि तरीही न ऐकल्यास ध्वनिक्षेपक जप्त करावा, असा क्रमही सांगितला.

तक्रार कशी करावी?

तातडीच्या वेळी ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. नियमांखाली कारवाईचे अधिकार पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी आणि उपअधीक्षक दर्जापासून वरच्या नियुक्त अधिकाऱ्यांना असतात. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर नागरिक या प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. पिठाची गिरणी, वर्कशॉप, जनरेटर असा कायमचा उपद्रव असेल तर महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात.

नोंदवही हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे. तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, कुठला आवाज, कुणाला फोन केला आणि काय उत्तर मिळाले, हे लिहून ठेवावे. मोबाइलवरचे डेसिबल अ‍ॅप कल देते, पुरावा देत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि प्रत्येक फोनवर आकडा वेगळा येतो. तरी रोज एकाच फोनने, एकाच जागेवरून केलेल्या नोंदी आणि खिडकीतून घेतलेला वेळेसह व्हिडिओ अर्जाला वजन देतो. अर्ज चार-पाच घरांनी मिळून केला तर अधिक बरे.

अडते कुठे?

कायदा आहे, निकाल आहेत, तरी रात्री साडेअकराला फोन उचलणारा माणूस शंभरदा विचार करतो. याची कारणे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते त्याच गल्लीतले असतात. स्पीकर मंदिरावर असो वा मशिदीवर, बोलणाऱ्याला लगेच ‘धर्मविरोधी’ ठरवता येते. पोलिसांची गाडी आली की पाच मिनिटे आवाज बंद होतो, गाडी गेली की दुप्पट सुरू होतो, आणि फोन कुणी केला हे सकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. लोक सगळे असह्य झाल्यावरच तक्रारीला येतात. म्हणून तक्रार आलेली नाही, याचा अर्थ त्रास नाही असा काढणे ही प्रशासनाची सोय आहे.

मोजणीतही कच्चे दुवे आहेत. केंद्रीय मंडळाचे २०११ मध्ये सुरू झालेले कायमस्वरूपी ध्वनिमापन जाळे सात महानगरांतल्या ७० केंद्रांपुरते आहे आणि त्यात महाराष्ट्रातून फक्त मुंबई आहे. गणेशोत्सव आणि दिवाळीतल्या मोजणीचे आकडे दरवर्षी छापून येतात. उरलेल्या दिवसांत पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या गल्लीत रात्री किती आवाज असतो, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक. दंडाची भीतीही मर्यादितच. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. तो प्रत्यक्ष लावला जाणार का, यावर सगळे अवलंबून आहे.

काय व्हायला हवे?

संवेदनशील माणसाला सहनशक्ती वाढवायला सांगणे थांबवणे, ही पहिली गोष्ट. ज्याला आधी त्रास होतो तो बाकीच्यांचीही झोप मोडते आहे, हे आधी सांगत असतो. नियमातली मर्यादा ही सर्वांत दणकट कानांसाठी आखलेली नाही. ती बाळासाठी, रुग्णासाठी, म्हाताऱ्या आजीसाठीही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण रहिवाशाच्या हाती येणे. नाव गुप्त ठेवण्याचा न्यायालयाचा आदेश पाळायचा असेल, तर पोलिसांनी तक्रारदाराच्या दारात न जाता थेट आवाजाच्या जागेवर जायला हवे आणि तक्रारदाराला कारवाईचा संदेश फोनवर मिळायला हवा. प्रत्येक ठाण्यात चालू स्थितीतले, तपासून घेतलेले मीटर आणि ते वापरता येणारे कर्मचारी हवेत. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊच न देणारी यंत्रणा ध्वनिक्षेपकातच बसवण्याचा पर्यायही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही सिग्नलवर केलेला प्रयोग याचे उदाहरण ठरेल. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्यात कुणी तक्रार करावी लागत नव्हती आणि कुणाचे नाव उघड होत नव्हते. सभागृहे, लॉन आणि मंडपांच्या परवान्याला असेच हद्दीवरचे मीटर जोडता येईल. आवाज मर्यादेबाहेर गेला तर पुढच्या परवानगीच्या वेळी ती नोंद समोर ठेवावी.

तिसरी गोष्ट सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहे. दुरुस्तीच्या कामाची वेळ, आदल्या दिवशीची सूचना, सोसायटीच्या कार्यक्रमात स्पीकर बंद करण्याची वेळ आणि त्यासाठी जबाबदार एका व्यक्तीचा फोन क्रमांक, असे चार मुद्दे पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घालता येतात. ठराव मंजूर झाला की रात्री दहा वाजता कुणा एकाला खाली जाऊन वाईटपणा घ्यावा लागणार नाही. तो सगळ्यांनी मिळून आधीच घेतलेला असेल.